हिरवळीखालची बाग

१

डिसेंबर १६५२ मध्ये शाहजादा औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर निघाला असताना वाटेत आग्र्याला थांबला आणि तिथून त्याने शहाजहानला एक पत्र लिहिले. ताजमहालाच्या इमारतीत पावसाचे पाणी गळते आहे, ही त्या पत्रातली बातमी इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार सांगितली जाते. त्याच पत्रातल्या दुसऱ्या बातमीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ताजच्या समोर, यमुनेच्या पलीकडच्या तीरावर असलेली महताब बाग पुराच्या पाण्याखाली गेली होती. तिची शोभा गेली आहे, पण ती लवकरच पुन्हा हिरवी होईल, असे औरंगजेब बापाला कळवतो. अष्टकोनी हौद आणि त्याभोवतीचा मंडप उत्तम स्थितीत आहे, असेही पुढे सांगतो.

माझ्या वाचनात आलेला, आपल्याकडच्या ऐतिहासिक बागेवरच्या नैसर्गिक आपत्तीचा हा पहिला नीट अहवाल. त्यात बागेचे दोन भाग आपोआप वेगळे पडले आहेत. दगडचुन्याचा भाग शाबूत आहे. झाडाझुडपांचा भाग गेला आहे, पण तो परत येणार आहे. हा भरवसा औरंगजेबाने कशाच्या बळावर दिला? ऋतूंच्या. पूर ओसरेल, गाळ बसेल, माळी पुन्हा लावतील आणि पुढच्या वर्षीचा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा मागच्यासारखाच असेल, हे त्याने गृहीत धरले होते.

जुलै २०२३ मध्ये यमुना पुन्हा वाढली. १९७८ नंतर पहिल्यांदाच तिचे पाणी ताजच्या मागच्या भिंतीला लागले आणि महताब बागेतही शिरले. पाणी ओसरले, बाग पुन्हा उघडली. परंतु ‘लवकरच पुन्हा हिरवी होईल’ हे वाक्य आज तितक्याच निःशंकपणे कुणी लिहू शकेल का? या लेखात मला जो प्रश्न तपासायचा आहे तो एवढाच. बाग जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, याची आपली कल्पना ज्या स्थिर हवामानावर उभी होती, ते हवामान हलल्यावर त्या कल्पनेचे काय करायचे?

मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही, स्थापत्यही नाही. जालना जिल्ह्यातल्या एका मोसंबीच्या बागेत वाढलो आणि पुढे जुन्या बागांची टिपणे काढण्याचा नाद लागला, एवढेच माझे भांडवल. त्यामुळे तज्ज्ञांच्या मुलखात शिरताना वाट विचारत जावे लागते. ती वाट सुरू होते एका सनदेपासून.

२

ऐतिहासिक बागांच्या जतनाचा जगभर मानला जाणारा मूलभूत दस्तऐवज म्हणजे ‘फ्लॉरेन्स सनद’. मे १९८१ मध्ये फ्लॉरेन्सला जमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने तिचा मसुदा केला आणि डिसेंबर १९८२ मध्ये ‘इकोमॉस’ या स्मारकविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने तो स्वीकारला. इमारतींसाठीची व्हेनिस सनद १९६४ पासून होतीच. तिला जोडलेली ही बागांची पुरवणी. सनद छोटी आहे, कलमे पंचवीस. मी ती कायद्याचा कागद म्हणून नव्हे, तर एखादा निबंध वाचावा तशी वाचली. तशी वाचली की तिच्यातला ताण दिसतो.

पहिल्या कलमात बाग ‘स्मारक’ ठरते. दुसऱ्यात लगेच कबुली येते की हे स्मारक मुख्यतः वनस्पतींचे आहे, म्हणजे सजीव आहे, नाशवंत आहे आणि नव्याने उभे करता येण्याजोगे आहे. ऋतुचक्र, निसर्गातली वाढ आणि ऱ्हास एकीकडे, आणि सारे कायम आहे तसेच ठेवण्याची कलावंताची इच्छा दुसरीकडे, या दोहोंच्या समतोलातून बागेचे रूप घडते, अशी त्या कलमाची धारणा आहे. मला हे कलम साऱ्या सनदेतले सर्वांत समंजस वाटते. बागेत राबलेल्या माणसाला ते लगेच पटेल.

पण अकराव्या आणि बाराव्या कलमांत हा समतोल एका बाजूला झुकतो. बाग न बदललेल्या स्थितीत राहावी म्हणून गेलेल्या झाडांच्या जागी तत्काळ झाडे लावावीत, ठरावीक काळाने नवी लागवड करावी आणि मुळात कोणत्या जाती होत्या ते शोधून त्याच जपाव्यात, असे ती सांगते. यातले गृहीतक स्पष्ट आहे: तीच जात त्याच जागी लावली की तीच बाग मिळेल. चाळीस वर्षांपूर्वी या गृहीतकावर शंका घेण्याचे कारण नव्हते. आज आहे. ज्या हवेत ते झाड शंभर वर्षांपूर्वी वाढले ती हवाच तिथे उरली नसेल, तर मूळ जातीचा आग्रह धरणे म्हणजे दर पाच वर्षांनी एक रोप मारणे.

चौदाव्या कलमात सनद बागेच्या परिसराकडे वळते. परिसरातला जो भौतिक बदल बागेचा पर्यावरणीय समतोल बिघडवील, त्याला मनाई करावी, असे ती म्हणते. हेतू चांगलाच आहे. शेजारचा कारखाना, रस्ता, धरण अशा गोष्टींना मनाई करता येते, निदान मागता तरी येते. चढत्या तापमानाला मनाई कुणी करायची? सनदेत हवामान बदलाचा उल्लेख नाही, याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही. आजही आपण अनेक ठिकाणी तिच्या अकराव्या-बाराव्या कलमांवर बोट ठेवून चालतो आणि दुसऱ्या कलमाचा विसर पडू देतो, दोष त्याचा आहे.

युरोपात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. डिसेंबर १९९९ च्या वादळाने व्हर्सायच्या उद्यानातली सुमारे दहा हजार झाडे आडवी केली. लंडनच्या केव उद्यानात २०२२ च्या दुष्काळात चारशेहून अधिक झाडे गेली. केवच्याच अभ्यासानुसार तिथल्या निम्म्याहून अधिक वृक्षजाती २०९० पर्यंत धोक्यात येऊ शकतात. त्यामुळे त्यांनी आजच्या लंडनपेक्षा कोरड्या आणि उष्ण प्रदेशांतल्या झाडांचा विचार सुरू केला आहे. केवला हे तुलनेने सोपे जाते, कारण ती मुळातच जगभरच्या वनस्पतींचा संग्रह असलेली बाग आहे. नवे झाड तिथे पाहुणा ठरत नाही. मुघल चारबागेचे तसे नाही. तिथे प्रत्येक झाडाला अर्थ आहे, ओळीत जागा आहे आणि अंगावर चारशे वर्षांच्या अपेक्षांचे ओझे आहे.

३

तरीही मुघल बागेचा इतिहास नीट पाहिला तर एक गंमत लक्षात येते. ज्या चारबागेला आपण अचल, मूळ, शुद्ध रूप मानतो, ती हिंदुस्थानात आली तीच मुळी एका हवामानातून दुसऱ्या हवामानात उतरून.

बाबर १५२६ मध्ये आग्र्याला पोचला तेव्हा तो या मुलखावर नाराज होता. उष्णता, सोसाट्याचा वारा आणि धूळ या तीन गोष्टींनी तो हैराण झाला, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. बागांमधून वाहते पाणी नाही, ही त्याची आणखी एक तक्रार. काबूलकडची त्याची बाग डोंगरउतारावरची. वरून झरा यायचा, एकेका पायरीवरून खाली उतरायचा. पाण्याला फक्त वाट करून द्यायची, बाकीचे काम उतार करणार. यमुनेच्या काठी जमीन सपाट, नदी खाली, कडेलोट उन्हाळा. इथे बाबराने आधी विहीर खणली, हौद आणि हमाम बांधले, मग आखीव वाफ्यांची बाग केली. स्थानिक लोक नदीच्या त्या बाजूला ‘काबूल’ म्हणू लागले, हेही तो थोड्या अभिमानाने सांगतो.

इथे उतार नव्हता, म्हणून तो रचावा लागला. पाणी खाली होते, म्हणून ते उचलावे लागले. ताजच्या बागेपर्यंत येता येता ही उचल एक मोठी यंत्रणा झाली होती. नदीतून आणलेले पाणी बैलांच्या मोटांनी वर चढवायचे, उंच नाल्यातून टाक्यांत सोडायचे, तिथून जमिनीखालच्या नळांतून कारंज्यांना द्यायचे. सर्व कारंज्यांचा फवारा एकसारखा उडावा म्हणून प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचे भांडे ठेवलेले होते: आधी भांडे भरायचे, मगच पाणी वर उसळायचे. मोटेवर वाढलेल्या आपल्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही यातले पहिले टप्पे समजावून सांगावे लागणार नाहीत.

सांगायचा मुद्दा असा की हिंदुस्थानी चारबाग हीच एक जुळवणूक होती. तिने आराखडा ठेवला, पाण्याची मध्यवर्ती जागा ठेवली, पण पाणी आणण्याची रीत आणि झाडे बदलली. सरू आणि डाळिंबाच्या सोबत आंबा आला, लिंबू आले. या बागेच्या परंपरेशी प्रामाणिक राहायचे असेल तर जुळवून घेणे हाही त्या परंपरेचाच भाग मानायला हवा.

मात्र यातून भोळा निष्कर्ष काढू नये. ‘जुन्या लोकांना सगळे माहीत होते, त्यांच्याकडे परत चला’ हा सूर हल्ली पर्यावरणावरच्या लेखनात फार ऐकू येतो. ताजची बाग काटकसरीची नव्हती. ती बादशाही होती. तिचे पाणी असंख्य बैलांच्या आणि माणसांच्या घामाने चढत होते आणि खाली बारमाही यमुना होती. ती नदी आज तशी नाही. तेव्हा परत जायचे म्हटले तरी ज्या काठावर परत जायचे तो काठच सरकला आहे.

४

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्यामुळे या लेखाला नाव मिळाले.

आज ताजच्या समोर उभे राहिले की डोळ्यांपुढे येते ते हिरवेगार गवत, मधून सरळ जाणारा पाण्याचा पट्टा, दोन्हीकडे सरूची लहान झाडे आणि शेवटी घुमट. हे चित्र आपल्याला इतके सवयीचे आहे की शहाजहाननेही तेच पाहिले असणार, असे वाटते. वस्तुतः ही मोकळी हिरवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता. स्मारकांच्या दुरुस्तीत त्याने जातीने लक्ष घातले, ताजचे मोठे काम केले, आणि बाग इंग्रजी उपवनाच्या चवीने मांडली गेली. १९०८ पर्यंत ते काम पुरे झाले. त्याआधी तिथे दाट झाडी होती आणि त्याहीआधी, सतराव्या शतकात, उंच फरसबंद वाटा आणि फुलांनी भरलेले ताटवे होते. फ्रेंच प्रवासी बर्निये याने ते पाहून लिहून ठेवले आहे. वाटा उंच आणि वाफे खाली असल्याने वाटेवरून चालणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला फुले, फळे आणि झाडांचे शेंडे येत असणार, अशी ती रचना.

इंग्रजी हिरवळीवर टीका करणारा मी पहिला नव्हे. कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट या इंग्रज बाईंनी १९१३ मध्ये मुघल बागांवर पुस्तक लिहिले आणि या बागांत घुसलेल्या इंग्रजी रुचीविषयी तेव्हाच नापसंती दाखवली. त्यांचा मुद्दा सौंदर्याचा होता. आज त्यात पाण्याचा मुद्दा मिळाला आहे.

वैशाखात आग्र्याच्या किंवा औरंगाबादच्या उन्हात गवताची मोठी पसरट चादर हिरवी ठेवायची म्हणजे काय, याचा हिशेब करायला शास्त्रज्ञ लागत नाही. गवताची मुळे उथळ. वरचा थर सुकला की ते पिवळे पडते. म्हणून त्याला वरचेवर पाणी द्यावे लागते आणि दिलेल्या पाण्यातले बरेचसे उन्हात उडून जाते. इतके करून ते सावली देत नाही, फळ देत नाही, वास देत नाही. मे महिन्यात बीबी-का-मकबऱ्याच्या आवारात दुपारी मी पाहिले आहे: माणसे झाडांखाली दाटीवाटीने बसलेली असतात आणि हिरवळीवर कुणीही नसते. जुन्या बागेचे प्रयोजन काय होते ते लोकांच्या पावलांना अजून माहीत आहे.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. फ्लॉरेन्स सनदेचे सोळावे कलम सांगते की बागेच्या इतिहासातल्या सर्व टप्प्यांचा मान राखावा, एकाच काळाला वरचढ मानू नये. कर्झनच्या हिरवळीलाही आता शतक उलटून गेले. तीही इतिहास झाली. शिवाय कोट्यवधी लोकांच्या मनात ताज आहे तो या हिरवळीपलीकडचा. उद्या तिथे आमराई उभी केली तर घुमट झाडांआड जाईल आणि लोक विचारतील, आमचा ताज कुठे गेला? हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. एका इंग्रज अधिकाऱ्याची आवड चार पिढ्यांत आपल्या आठवणीचा भाग झाली असेल, तर ती उपटून फेकणे हीदेखील एक प्रकारची मोडतोडच.

याचे उत्तर मला गवतातच सापडले. उत्तर हिंदुस्थानातल्या हिरवळी बहुधा ज्या ‘दूब’ गवताच्या असतात, ती म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. हरळी म्हटले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. उन्हाळ्यात ती वरून जळते, वाळून तपकिरी होते, मेली असे वाटते. मृगाच्या दोन सरी पडल्या की जमिनीतल्या कांड्यांतून पुन्हा उठते. खणून काढली तरी जात नाही, अशी तिची ख्याती. म्हणजे मे महिन्यात पिवळे पडणे हा तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. आजार आहे तो ती बाराही महिने हिरवी दिसलीच पाहिजे, या आपल्या हट्टात.

२०१८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कडक कोरड पडली होती. तेव्हा चॅट्सवर्थ या प्रसिद्ध हवेलीची हिरवळ वाळली आणि वाळलेल्या गवतातून एका वेगळ्याच बागेची नक्षी वर आली. १६९९ च्या सुमाराची, पुढे गवताखाली गाडली गेलेली ती आखीव बाग. जुन्या वाफ्यांवरची आणि वाटांवरची जमीन वेगवेगळ्या गतीने सुकली, म्हणून रेषा उमटल्या. इंग्रजांच्या स्वतःच्या घरी, त्यांच्या स्वतःच्या हिरवळीने, पाणी न मिळाल्यावर खालचा इतिहास दाखवून दिला. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी तोडले तर कुठे काय उमटेल ते सांगता येत नाही. पण हिरवळ काढून न टाकताही तिला चार महिने हिरवे न राहण्याची मुभा देता येईल. यात कर्झनचा टप्पाही राहील आणि पाणीही वाचेल. बदलावी लागेल फक्त पाहणाऱ्याची अपेक्षा.

५

पाण्याचा विचार बागेच्या भिंतीआत संपत नाही, याची दोन उदाहरणे सांगतो. एक दिलासा देणारे, दुसरे अस्वस्थ करणारे.

दिल्लीतल्या हुमायूनच्या कबरीची बाग अनेक अवस्थांतून गेली. तिच्यात भाजीपाला पिकला, इंग्रजी वळणाचे गोल वाफे आले, फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या पडल्या. आगा खान न्यासाने पुरातत्त्व खात्याबरोबर केलेले तिचे पुनरुज्जीवन २००३ मध्ये पूर्ण झाले. तीन किलोमीटर लांबीचे पाट पुन्हा बसवले. त्यांचा उतार चाळीस मीटरला एक सेंटिमीटर इतका नाजूक. अडीच हजारांहून अधिक झाडेझुडपे लावली. त्यांत आंबा, कडुनिंब, लिंबू, डाळिंब, जाई-जुई होती. जुन्या विहिरी उपसल्या. आणि जमिनीत पाणी मुरावे म्हणून १२८ शोषखड्डे केले.

या शेवटच्या आकड्यापाशी मी थबकलो. सोळाव्या शतकातल्या बागेत हे खड्डे नव्हते. मूळ रूपाच्या काटेकोर व्याख्येनुसार ती उपरी भर आहे. तरी ती कुणाला खुपत नाही, कारण ती दिसत नाही. जमिनीखालची जुळवणूक आपण सहज स्वीकारतो आणि जमिनीवरची नाकारतो. म्हणजे ज्याला आपण जतनाचे तत्त्व समजतो ते पुष्कळदा फक्त दिसण्याचे तत्त्व असते.

अस्वस्थ करणारे उदाहरण काश्मीरचे आहे. अनंतनाग जिल्ह्यातली अछबल बाग एका मोठ्या झऱ्यावर बांधलेली. बर्नियेने १६६५ मध्ये ती पाहिली तेव्हा त्या झऱ्याच्या जोराचे आणि हाताला सोसवणार नाही इतक्या गारव्याचे त्याला कौतुक वाटले होते. तिथे मोट नाही, टाकी नाही. बाग म्हणजे झऱ्याला दिलेला घाट. अपुऱ्या हिमवृष्टीचा हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तो झरा आटला. आसपासच्या गावांचे पिण्याचे पाणीही त्याच झऱ्याचे. तिथे कोणते झाड मूळचे, कोणते नंतरचे, ही चर्चा एका दिवसात निरर्थक झाली. बागेचा सर्वांत जुना आणि मूळ घटक म्हणजे पाणी. तो डोंगरावरच्या बर्फाशी बांधलेला, आणि तो डोंगर कुठल्याही स्मारकाच्या यादीत नाही.

आपल्याकडे याचाच दख्खनी अवतार आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खडकी शहरासाठी बांधलेली नहर-ए-अंबरी ही जमिनीखालून जाणारी, मुरलेले पाणी गोळा करत उताराने आणणारी वाट. ऊन लागत नाही, म्हणून वाफ होत नाही. पंप लागत नाही. पुढच्या शतकातली पाणचक्की याच विद्येची धाकटी बहीण. महताब बागेच्या पुराची खबर देणारा औरंगजेब त्याच प्रवासात ज्या शहराकडे निघाला होता ते हे शहर, आणि १६५७ मध्ये गेलेल्या दिलरास बानू बेगमेच्या कबरीभोवती, बीबी-का-मकबऱ्यात, चारबाग आखली गेली ती इथेच. सुमारे ७०० मिलिमीटर पावसाच्या या मुलखात नहरींसारखी योजना केवळ ऐतिहासिक कुतूहल नाही. पण नहर जिथून पाणी गोळा करते त्या टेकड्यांच्या पायथ्याशी मुरायला जागाच उरली नाही, तर आत डागडुजी करून काय साधणार? हवामान बदलाआधीच आपण त्याचे निम्मे काम करून ठेवतो.

६

मराठीत पाण्याच्या जमिनीला ‘बागायत’ म्हणतात आणि पावसावरच्या जमिनीला ‘जिरायत’. बाग या शब्दातच पाणी आहे. आणि पाणी कमी असताना बाग कशी जगवायची याची एक परिभाषाही आपल्याकडे आहे, जी वारशाच्या चर्चेत कधी ऐकू येत नाही. डाळिंबाचा, मोसंबीचा बागाईतदार ‘बहार धरतो’: पाणी कधी असेल ते पाहून आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार निवडतो. त्यासाठी आधी बागेला ‘ताण’ देतो, म्हणजे पाणी तोडतो. पाने गळतात, झाड विश्रांती घेते, मग पाणी मिळाले की फुलते. त्या काळात बाग उजाड दिसते. शेजारी हळहळत नाहीत, कारण त्यांना ठाऊक असते की बाग ताणावर आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात ताणाचे रूपांतर मरणात झाले. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, अनेकांनी तोडून सरपण केले. आमच्याकडे विहीर डिसेंबरातच तळाला गेली. टँकरचे पाणी सगळ्या झाडांना पुरणार नव्हते. वडील एका सकाळी चुन्याचा डबा घेऊन बागेत फिरले आणि ज्यांना पाणी द्यायचे त्या खोडांवर त्यांनी ठिपका दिला. उरलेल्या झाडांकडे त्यांनी त्या दिवसानंतर पाहिले नाही. ठिपक्याच्या झाडांच्याही फांद्या छाटल्या, आळ्यांत उसाचे पाचट अंथरले. पुढे मोकळ्या झालेल्या जागेत सीताफळ लावले. आई मरेपर्यंत तिला ‘मोसंबीची बाग’च म्हणायची.

ऐतिहासिक बागांविषयी तज्ज्ञांना सल्ला द्यायची माझी पात्रता नाही. पण हा चुन्याचा ठिपका कुठेतरी, कुणीतरी, आधी विचार करून दिला पाहिजे, असे मला वाटते. नाहीतर तो दुष्काळच देतो, वाटेल तसा. माझा क्रम मी मांडतो. आराखडा आणि पातळ्या, म्हणजे वाटा उंच, वाफे खाली, पाण्याची रेषा मधोमध, हे हलवू नये. हेच त्या रचनेचे वाक्य. पाण्याची वाट हलवू नये, पण पाणी बारमाही वाहिलेच पाहिजे हा आग्रह सोडावा. पावसाळ्यात आणि काही ठरावीक दिवशी पाट भरून वाहावेत, एरवी कोरडा पाटही बागेचा एक ऋतू मानावा. झाडांच्या बाबतीत जातीपेक्षा काम जपावे. सावलीचे झाड, फळाचे झाड, वासाचे झाड, ओळ धरणारे उभे झाड, अशी कामे. मूळ जात तगते तोवर तीच. न तगली तर तिचे काम करणारी दुसरी. असा प्रत्येक बदल तारखेसकट लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या संशोधकाची फसगत होणार नाही. आणि पाण्यावरचा हक्क सोडण्यात पहिला क्रमांक हिरवळीचा.

यावर विचारले जाईल की इतके बदलल्यावर बाग तीच कशी? घरातल्या विरजणाकडे पाहावे. दूध रोज नवे असते, गाय बदलते, चारा बदलतो, भांडेही बदलते. कालच्या दह्यातला एक चमचा आजच्या दुधात जातो म्हणून चव पुढे चालते. बागेतले विरजण कशात असते? नकाशात थोडे असते. बरेचसे माळ्याच्या हातात असते: कोणते आळे किती खोल, कोणत्या झाडाला कधी ताण द्यायचा, कोणते मरायला टेकलेले झाड अजून एक पावसाळा पाहू शकते. कंत्राट बदलले की माळी बदलतो तिथे हे विरजण दरवर्षी सांडते.

आपण आज जे रोप लावू त्याची सावली २०६० मध्ये पडेल. तेव्हाचा वैशाख कसा असेल हे लावणाऱ्याला ठाऊक नसते, हे खरे. ते बाबराच्या माळ्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी काबूलचा आराखडा हातात धरला, यमुनेच्या काठची माती चाचपली आणि आंबा लावला.